चातुर्मास आणि ठोक्यांची गोळी

हृदयाचे ठोके दीर्घकाळ अनियमित पडण्याच्या विकारांत अ‍ॅट्रियल फिब्रिलेशन हा सर्वाधिक आढळणारा. त्यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. रक्त तेथे साचून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात येतो. म्हणून अशा रुग्णास बहुधा ठोके आवरणारे आणि गुठळी होऊ न देणारे, अशी दोन्ही औषधे मिळतात. आपल्या व्रतांशी या दोन्हींचा संबंध येतो. दवाखान्यात मात्र तो विषय क्वचितच निघतो.

वॉरफरिनचेच पाहा. हे औषध ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्याला अडवून रक्त गोठू देत नाही, आणि हे जीवनसत्त्व मुख्यतः पालेभाज्यांतून मिळते. अनेक घरांत चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असते. गोळी तीच, मात्रा तीच. तरीही रक्त अधिक पातळ होऊन रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. कार्तिकानंतर ताटात मेथी-पालक परतले, की नेमके उलट घडते. पुष्कळ रुग्णांत आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान राखायचा असतो. म्हणून नियम घेताना आणि सोडताना डॉक्टरांना कळवून तो पुन्हा तपासून घ्यावा.

अपिक्साबॅन दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने घेतात. चौविहार आणि नवकारसी पाळणाऱ्याला हिवाळ्यात सकाळी आठ ते सायंकाळी सहा एवढाच अवधी उरतो. दोन गोळ्या जवळ येतात आणि रात्र लांबते. एकदाच घ्यायचे औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. मात्र रिव्हरॉक्साबॅनच्या १५ व २० मिलिग्रॅमच्या गोळ्या अन्नासोबतच घ्यायच्या असतात. एकासण्याला ते जमते, उपवासाला नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल तर जिलेटिनच्या शंकेने उघडून आतले औषध कधीही घेऊ नये. ते प्रमाणाबाहेर शोषले जाते. शंका असल्यास आवरण कशाचे आहे, हे औषधविक्रेत्याला विचारावे.

डिगॉक्सिनविषयी अधिक सावध राहावे. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये ज्या फॉक्सग्लोव्ह वनस्पतीवर ग्रंथ लिहिला, त्याच कुळातले हे औषध. त्याची गुणकारी आणि विषारी मात्रा फार जवळजवळ असते. शरीरातले पाणी आणि पोटॅशियम घटले, तर नेहमीची गोळीही बाधते. मळमळ, अशक्तपणा, पिवळसर दिसणे, मंद नाडी ही त्याची लक्षणे. अठ्ठाईच्या चौथ्या दिवशी कोणी मळमळते म्हणाले, की घरात ‘पित्त झाले’ म्हणून सोडून देतात. हे औषध चालू असेल तर तसे सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी बंद केल्यास ठोके उसळतात. याउलट अ‍ॅमिओडेरॉन शरीरात आठवडे, महिने टिकते. दोन दिवस चुकले तरी काही जाणवत नाही, आणि त्यावरून गोळीची गरजच नाही असा भलता निष्कर्ष निघतो.

औषधासाठीचा आगार पच्चक्खाणाच्या पाठातच आहे. तपाचा विचार ठरताच औषधांची यादी घेऊन आधी डॉक्टरांकडे जावे आणि त्यांनी सांगितलेल्या वेळा गुरुभगवंतांसमोर ठेवून मगच पच्चक्खाण घ्यावे.