जनरल ते पंतप्रधान : यित्झाक राबिन

लष्करातला माणूस सत्तेवर आला की युद्धच करणार, असं आपल्याला वाटतं ना? इस्रायलच्या राबिन यांचं करिअर मात्र उलट्या दिशेने गेलं. १९६४ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. १९६७ च्या युद्धात त्यांच्या फौजेने सहा दिवसांत वेस्ट बँक, गाझा, सिनाई आणि गोलन घेतलं. १९७४ मध्ये ते पंतप्रधान झाले. १९८७ मध्ये पॅलेस्टिनी जनतेने उठाव केला, तेव्हा संरक्षणमंत्री राबिनच होते. बळ वापरूनही उठाव थांबेना. मग १९९२ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाल्यावर, १९९३ मध्ये त्यांनी अराफत यांच्याशी ओस्लो करार केला. ४ नोव्हेंबर १९९५ ला तेल अवीवमधल्या शांतता सभेनंतर त्यांचा खून झाला. मारेकरी शत्रूकडचा नव्हता. कराराला विरोध असलेला २५ वर्षांचा इस्रायली विद्यार्थी होता.