सत्तर एकरांच्या आतलं पाणी

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात गरवायला निघालेल्या माणसाला 70 एकर हा आकडा लक्षात ठेवावा लागतो. राज्याच्या संवर्धन खात्याच्या अखत्यारीत बरीच छोटी तळी आहेत. माशांचं बी सोडून ती लोकांना गळ टाकण्यासाठी खुली ठेवलेली असतात. तळं 70 एकरांहून लहान असेल तर त्यात होडीला फक्त विजेची मोटर चालते, पेट्रोलचं इंजिन नाही. 70 एकर किंवा त्याहून मोठं असेल तर इंजिनाला परवानगी आहे. मात्र ते 10 अश्वशक्तीहून मोठं असेल तर मागे लाट उठणार नाही इतक्या संथपणे होडी न्यायची. काही तळ्यांना याहून वेगळे नियम आहेत, पण सर्वसाधारण चौकट ही.

70 एकर म्हणजे सुमारे 28 हेक्टर. असं तळं चौरस आहे असं धरलं तर एक बाजू जेमतेम 530 मीटर भरते. ताशी 50 किलोमीटर वेगानं जाणारी मोटरबोट हे अंतर 40 सेकंदांच्या आत कापते. म्हणजे वेग घेतला न घेतला तोच समोर काठ, आणि मधल्या पाण्यात चार-पाच होड्या गळ टाकून बसलेल्या. टक्कर होऊ नये म्हणून नियम केला असेल, असं कुणालाही वाटेल. ते कारण आहेच, पण नियमाचा खरा रोख लाटेवर आहे.

इतर राज्यांचे कायदे पाहिले की हे स्पष्ट होतं. विस्कॉन्सिनमध्ये सार्वजनिक वाट असलेल्या 50 एकर किंवा त्याहून लहान तळ्यांवर मोटरबोटींना एकच वेग आहे. सुकाणू ताब्यात राहील, पण त्याहून अधिक नाही, इतका संथ. दोन मोठ्या तळ्यांना जोडणारी वाट अशा तळ्यातून जात असेल तरच सूट. मिनेसोटाची व्याख्या जवळपास तीच आहे, फक्त तिथे वर एक कमाल मर्यादा घातली आहे, ताशी 5 मैल, म्हणजे 8 किलोमीटर. पेनसिल्व्हेनियाच्या नियमात तर वेगाचा आकडा न देता पाण्याला येणाऱ्या फुगवट्याची उंची कमीत कमी राहावी असं सांगितलेलं आहे. रस्त्यावर आपल्याला आकड्यांच्या पाट्यांची सवय असते. इथे मोजमाप पाण्यावरच घेतलेलं आहे, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

का, ते समजायला होडी आणि लाट यांचं नातं बघावं लागतं. पाण्यावरची लाट जितकी लांब, तितकी ती वेगानं धावते. होडी संथ चालते तेव्हा तिच्या कडेला छोट्या छोट्या अनेक लाटा असतात. वेग वाढवला की त्या लांब होत जातात. एका क्षणी एकच लाट होडीच्या लांबीएवढी होते, तिचा एक माथा पुढच्या टोकाशी आणि दुसरा मागच्या टोकाशी. 16 फुटी होडीच्या बाबतीत हे ताशी 10 किलोमीटरच्या आसपास घडतं. त्यापुढे वेग वाढवला की मागचा माथा मागे सुटतो, होडीचा पार्श्वभाग खळग्यात बसतो आणि नाक वर उचललं जातं. चालवणाऱ्याला समोरचं पाणी दिसेनासं होतं. होडी स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत असते, इंजिन ओरडत असतं आणि मागे पाण्याचा जाड पट्टा उसळत असतो. आणखी जोर लावला तर होडी हा चढ ओलांडून पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत धावू लागते. नाक खाली येतं, लाट लहान होते.

म्हणजे छोट्या मोटरबोटीची सर्वांत दांडगी लाट तिच्या सर्वाधिक वेगाला उठत नाही, ती उठते मधल्या वेगाला, साधारण ताशी 10 ते 15 किलोमीटरच्या टप्प्यात. आता समजा एखाद्या अधिकाऱ्यानं सद्हेतूनं ताशी 10 मैलांची, म्हणजे 16 किलोमीटरची पाटी लावली. सगळ्या होड्या नेमक्या त्या वाईट टप्प्यात किंवा त्याच्या काठावर येऊन अडकतील आणि तळं पूर्वीपेक्षा जास्त ढवळून निघेल. शिवाय होडीत किती माणसं बसली आहेत, बॅटऱ्या कुठे ठेवल्या आहेत, तळाचा आकार कसा आहे, यावर लाट बदलते. सगळ्या होड्यांना लागू पडेल असा आकडा शोधत बसण्यापेक्षा ‘मागे लाट नको’ हे सांगणं सोपं. ते पाळलं जातंय की नाही, हे काठावर उभ्या असलेल्या रक्षकाला यंत्राशिवाय डोळ्यांनी दिसतं.

लाट एकदा सुटली की सहजी मरत नाही. लॉर्ड केल्व्हिन यांनी 1887 मध्ये जहाजामागच्या लाटांचं गणित मांडलं. खोल पाण्यात त्या सुमारे 39 अंशांच्या पाचरीत पसरतात, मग जहाज असो की बदक. या पाचरीच्या कडेच्या लाटांची उंची अंतराच्या घनमुळाच्या हिशेबानं घटते. उंची निम्मी व्हायला अंतर आठपट व्हावं लागतं. 10 मीटरवर 30 सेंटीमीटरची असलेली लाट 80 मीटरवर 15 सेंटीमीटरची असते आणि आपल्या कल्पित तळ्याच्या पलीकडच्या काठाला धडकतानाही, हिशेबानं, 8 सेंटीमीटर उरते. मोठ्या सरोवरात लाटेला जिरायला जागा असते, इथे नसते. मिझुरीतली अशी बरीच तळी मातीचे बांध घालून केलेली आहेत. जिथे दगडी पिचिंग नाही तिथे काठाची माती सुटते आणि पाणी गढूळ होतं.

गढूळपणाचा फटका कुणाला बसतो? या तळ्यांचा मानाचा मासा म्हणजे लार्जमाउथ बास. वसंतात पाणी 15 ते 18 अंश सेल्सियसपर्यंत तापलं की नर काठाजवळच्या उथळ पाण्यात येतो, शेपटीनं गाळ झाडून ताटाएवढा खळगा साफ करतो आणि मादीनं अंडी घातली की पहारा देत तिथेच थांबतो. पिल्लं बाहेर पडल्यावरही काही दिवस तो हलत नाही. आपल्याकडे मरळ माशाची जोडी पिल्लांच्या लालसर घोळक्याला अशीच राखत असते, हे तळ्याकाठी वाढलेल्यांनी पाहिलेलं असेल. अशा खळग्यावर वारंवार लाट फुटली, पंख्यानं उडवलेला गाळ अंड्यांवर बसला, तर राखणदाराला करण्यासारखं काही उरत नाही. गाळाबरोबर तळाशी साठलेलं फॉस्फरसही वर येतं आणि त्यावर शेवाळ पोसलं जातं.

इंजिनाबद्दलची तक्रार वेगळी. जुन्या धाटणीचं कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक इंजिन पाव हिश्शापर्यंत इंधन न जाळताच पाण्यात सोडत असे. कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या टाहो सरोवरात 1999 मध्ये अशा इंजिनांना बंदी झाली. टाहो प्रचंड आहे. 50 एकरांच्या तळ्यात, आणि त्यातून गावाला प्यायचं पाणी जात असेल तर, तेच प्रमाण कसं लागेल याची कल्पना करता येते.

गंमत अशी की होडीमागे टांगायच्या इंजिनाचा प्रसार याच तळ्यांच्या प्रदेशातून झाला. नॉर्वेत जन्मलेले ओल एव्हिनरूड मिलवॉकीत यंत्रं बनवत. विस्कॉन्सिनच्या ओकॉची तळ्यावर प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणायला त्यांनी वल्ही मारली, परत येईपर्यंत ते वितळलं आणि त्यातून त्यांना इंजिनाची कल्पना सुचली, असं सांगतात. कथा किती खरी कोण जाणे. पण 1909 मध्ये बाजारात आलेलं त्यांचं इंजिन दीड अश्वशक्तीचं आणि सुमारे 28 किलो वजनाचं होतं. त्याच विस्कॉन्सिननं पुढे छोट्या तळ्यांवर इंजिनांना लगाम घातला.

गळ टाकणाऱ्यांच्या होडीवरच्या विजेच्या मोटरचा जन्मही तिथून फार दूर नाही. 1934 मध्ये नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट यांनी फोर्डच्या मॉडेल ए गाडीची स्टार्टर मोटर घेतली, तिला लवचीक दांडा आणि पंखा जोडला. मिन कोटा ही कंपनी त्यातून उभी राहिली. आज छोट्या होडीवरची नेहमीची मोटर 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते, 55 पौंडांचा रेटा देते आणि पूर्ण जोरात सुमारे 50 अँपिअर खेचते. गुणाकार केला तर 600 वॅट, म्हणजे एक अश्वशक्तीसुद्धा नाही. पायानं दाबायच्या पट्टीनं ती फिरवता येते, त्यामुळे हात गळासाठी मोकळे राहतात. एवढ्या ताकदीत होडी वर सांगितलेल्या चढाशी पोचतच नाही. म्हणून इतकी वर्षं ‘फक्त विजेची मोटर’ म्हटलं की वेगाचा नियम आपोआप पाळला जायचा.

हे आता बदलतंय. जर्मनीत म्युनिकजवळच्या श्टार्नबर्ग तळ्यावर इंजिनाच्या बोटींचे परवाने मोजके असतात आणि त्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. त्याच तळ्याकाठी 2005 मध्ये टॉर्कीडो ही विजेच्या बोटमोटरींची कंपनी निघाली. तिच्या मोठ्या मोटरी होडीला पेट्रोल इंजिनासारख्या पळवू शकतात. अमेरिकेतही विजेपुरत्या राखलेल्या तळ्यांवर बास पकडण्याच्या स्पर्धा होतात. हौशी लोक दोन-दोन मोटरी आणि बॅटऱ्यांची रांग लावून होडीचा वेग वाढवतात. तेल सांडत नाही हे मान्य, पण लाटेला ती कशावर चालणाऱ्या पंख्यानं उठवली याच्याशी देणंघेणं नसतं. माझ्या मते पुढच्या काळात इंधनावर बेतलेले नियम तोकडे पडतील आणि लाटेवर बेतलेले टिकतील. व्हर्मोंट राज्यानं 2024 पासून मुद्दाम उंच लाट उठवणाऱ्या बोटींसाठी काठापासून 500 फूट अंतर, 20 फूट खोली आणि सलग 50 एकर पाणी अशी अट घातली, ती याच दिशेची आहे.

अशा तळ्यांवरच्या सोयींचा खर्चही ठरलेल्या वाटेनं येतो. 1950 च्या केंद्रीय कायद्यानं गळ-काठ्यांवरचा 10 टक्के कर या कामासाठी राखून ठेवला. 1984 च्या दुरुस्तीनंतर विजेच्या बोटमोटरींवर 3 टक्के कर आला आणि बोटींच्या इंधनावरच्या कराचा वाटाही याच निधीत येऊ लागला. राज्यांना मिळणाऱ्या या पैशातला 15 टक्के भाग होड्या पाण्यात उतरवायच्या सोयींवर खर्च करावा लागतो. गळ विकत घेणाराच तळ्याचा धक्का बांधून देतो म्हणायचा.

मुलांकडे अमेरिकेत गेलात आणि होडीतून गळ टाकायची हौस आली, तर दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. नियम राज्याप्रमाणेच नाही, तर तळ्याप्रमाणे बदलतात, तेव्हा होडी उतरवायच्या उतारावरची पाटी आधी वाचा. पेट्रोल इंजिन नुसतं वर उचलून ठेवलेलं चालतं की काढूनच ठेवावं लागतं, हेही तिथेच विचारून घ्या. मिझुरीत बाहेरून आलेल्या 16 वर्षं आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. आणि तिथे मोटर बॅटरीवरची, कितीही छोटी असली, तरी कायद्याच्या लेखी ती होडी मोटरबोटच असते, तिची नोंदणी चुकत नाही.