संशोधकाची नागमोडी रेघ

'मूळ महाभारतात द्रौपदीने कृष्णाचा धावा केलेलाच नाही,' असा निरोप अधूनमधून व्हॉट्सअॅपवर फिरतो. साक्षीला भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती. मग दोन तट पडतात आणि हमरीतुमरी सुरू होते. ती आवृत्ती मात्र बहुधा कुणीच उघडलेली नसते.

उघडली तर पानाच्या वरच्या भागात श्लोक दिसतात आणि त्यांच्याखाली बारीक टाइपात पाठभेदांची दाटी. श्लोकांतल्या काही शब्दांखाली नागमोडी रेघ आहे. हा पाठ निवडला खरा, पण त्याची पुरती खात्री नाही, असा तिचा अर्थ. संपादकाने आपली शंका अशी उघड छापावी, हे मला त्या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

खटाटोप होताही तसाच. पुण्यात 1919 साली काम सुरू झालं, ते संपायला 1966 उजाडलं. 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते. चौकटी आखलेल्या कागदावर सगळ्यात वर एक श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ, आणि जिथे अक्षर बदलतं तिथेच नोंद. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या पोथ्या. एकूण 1,259 हस्तलिखितं या कामी आली. काही पोथ्या ताडून पाहण्याचं काम तंजावर आणि शांतिनिकेतनातही चालत होतं. यातून हाती आलं ते व्यासांचं मूळ काव्य, असा दावा सुकथनकरांनी कधीच केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधाराने जितकं मागे जाता येतं तितकं गेलो, एवढंच त्यांचं म्हणणं. लेखनिक गणपतीची गोष्टही त्यांनी फेकून दिली नाही, परिशिष्टात ठेवली.

हे सामान्य वाचकाला कोण सांगणार? सुकथनकरांची प्रस्तावना पंडितांसाठी होती. पुढे 1942 मध्ये त्यांनी मुंबईत महाभारताच्या अर्थावर व्याख्यानं द्यायला घेतली. चारांपैकी तीन झाली. चौथं 21 जानेवारी 1943 ला व्हायचं होतं, त्याच दिवशी सकाळी ते गेले. ती व्याख्यानं पुस्तकरूपात यायला 1957 साल लागलं, तीही इंग्रजीत.

मराठी घरांत ही आवृत्ती खऱ्या अर्थाने पोचवली ती इरावती कर्व्यांनी. 'युगान्त' 1967 चं; पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाई डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या, त्यामुळे भीष्माच्या प्रतिज्ञेपेक्षा तिच्या पायी कोणत्या बायकांचं काय झालं, याचा हिशेब त्यांनी आधी मांडला. विदुर हा युधिष्ठिराचा बाप असावा, हा त्यांचा तर्क कित्येकांना झोंबला. तो सगळ्यांना पटावा असा नाहीच. मलाही तो ओढूनताणून आणलेला वाटतो. पण त्यांनी तो तर्क म्हणूनच मांडला. इंग्रजी आवृत्तीत तर त्या प्रकरणाच्या नावापुढेच प्रश्नचिन्ह आहे.

द्रौपदीच्या प्रकरणात त्या आणखी पुढे जातात. हिमालयाच्या वाटेवर ती कोसळते, इथवरची कथा आवृत्तीला धरून. यापुढचं माझ्या पदरचं, ही माझी 'नरोटी', असं त्या एकनाथांचा शब्द घेऊन सरळ सांगतात आणि मगच भीम तिच्याजवळ परत येतो. वाचक त्या प्रसंगाने हेलावतो, पण फसत नाही. आजच्या कित्येक 'संशोधनपर' कादंबऱ्यांत पुरावा कुठे संपला याचा मागमूस लागत नाही.

आता त्या धाव्याविषयी. सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनी, पोथ्या ताडून पाहिल्यावर, कृष्णाची प्रार्थना मुख्य पाठातून काढली. तिथे वस्त्रामागून वस्त्र निघत राहतं, कुणाच्या कृपेने ते सांगितलेलं नाही. निरोप इथवर बरोबर आहे. पण त्याच आवृत्तीच्या उद्योगपर्वात कृष्ण स्वतः म्हणतो की मी दूर असताना द्रौपदीने 'गोविंदा' म्हणून हाक मारली, ते ऋण मनातून जात नाही. ही हाक सभेतलीच का, आणि असेल तर सभापर्वात ती का नाही? आल्फ हिल्टबायटल यांच्यासारख्या अभ्यासकांनी एजर्टनचा निर्णय मानला नाही, आणि हा वाद अजून मिटलेला नाही.