कोरडी राहते म्हणून

"सिस्टर, आता ती चार-चार तास कोरडी राहते," आई कौतुकानं सांगत होती. मुलगी सहा वर्षांची. जन्मतःच पाठीवर उघडी गाठ होती, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, पण पाठीच्या कण्यातल्या नसांचं जे नुकसान व्हायचं ते झालंच. पाय बारीक, चालायला कॅलिपर. मूत्राशयानं कधी धरायचं, कधी सोडायचं, हा निरोप वरून खाली पोचतच नाही.

मूत्राशयाचा दाब मोजतात त्या युरोडायनॅमिकच्या खोलीत बारा वर्षं काढल्यावर 'कोरडी राहते' हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. ज्या मुलाची लघवी गळते, त्याच्या घरच्यांचे हाल होतात. पण आतला दाब निदान बाहेर तरी पडतो. न गळणाऱ्याचा दाब जातो कुठे? वर, मूत्रपिंडांकडे.

तिला टेबलावर घेतलं. हातात लॅटेक्स नसलेले ग्लोव्हज, कारण या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी पुष्कळदा असते. एक बारीक नळी मूत्राशयात, दुसरी गुदद्वारातून. पोटाचा दाब वजा केल्याशिवाय मूत्राशयाचा खरा दाब कळत नाही. "खोक बघू, बाळा." पडद्यावरच्या दोन रेषा एकदम उसळल्या, वजाबाकीची तिसरी जागची हलली नाही. म्हणजे नळ्या नीट बसल्या.

सहाव्या वर्षी मूत्राच्या पिशवीत किती मावायला हवं? वयात दोन मिळवायचे, तिसानं गुणायचं : २४० मिली. कोमट सलाईन मिनिटाला १० मिलीनं सोडलं. ९० मिलीला दाब २२. १३० ला ३६. माझी नजर ४० वर असते. ज्या मुलांची लघवी ४० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापर्यंत गळतच नाही, त्यांची मूत्रपिंडं धोक्यात येतात, हे मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं. १५० ला दाब ५२ झाला. खालचा पॅड कोरडा ठणठणीत. मुलगी मोबाइलवर कार्टून बघत हसत होती. तिला काहीच जाणवत नव्हतं. १७० ला पहिला थेंब पडला, तेव्हा दाब होता ६१. मी सलाईन बंद करून पिशवी रिकामी केली.

फाइलमध्ये क्रिएटिनिन ०.४ होतं. 'किडनी चांगली आहे' असं आधी कुणीतरी सांगितलेलं. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि हिच्या पायांत स्नायू आहेत कुठे? अशा मुलांत हा आकडा फसवतो. स्नायूंवर फारशी अवलंबून नसणारी सिस्टॅटिन सी तपासणी म्हणूनच डॉक्टर मागतात. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाला सूज होती, आणि पिशवी रिकामी केल्यावरही ती उतरली नव्हती.

शेवटी डीएमएसए स्कॅन. तिला दोनदा ताप येऊन लघवीचं इन्फेक्शन होऊन गेलं होतं, शेवटचं पाच महिन्यांपूर्वी. घाई केली असती तर ताजी सूज आणि कायमचा व्रण यांतला फरक कळला नसता. सकाळी शिरेतून इंजेक्शन, मग तीन तास थांबणं. औषध मूत्रपिंडाच्या जिवंत पेशींत साठतं; जिथे पेशी मेल्या तिथे पोकळी दिसते. आई कॅमेऱ्याशेजारी बसून तिचं डोकं धरून होती. पडद्यावर उजवं मूत्रपिंड भरलेलं, गुळगुळीत. डाव्याच्या वरच्या टोकाला चावा घेतल्यासारखी खाच. कामाची वाटणी डावं ३६, उजवं ६४. तो चावा भरून येणार नव्हता.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी तर चड्डी कोरडी बघून देवाला नारळ फोडला होता." मी तिचा हात धरून बसले. कोरडं राहणंही धोक्याचं असू शकतं, हे तिला कोण सांगणार होतं?

मूत्राशय सैल करणारं ऑक्सिब्युटिनिन सुरू झालं आणि नळी घालून पिशवी रिकामी करायचं शिक्षण. लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये सांगितलं त्याप्रमाणे निर्जंतुक सामान लागत नाही, हात आणि नळी स्वच्छ हवी. मी आईला एक आकडा दिला : दर वेळी १३० मिलीच्या आत, कारण त्यापुढे दाब चाळिशी ओलांडतो.

पंधरा दिवसांनी तिनं वही आणली. सकाळी ७ : १९०. १० : १४०. दुपारी १ : १२०. त्या १२० भोवती लाल पेनानं गोल केलेला होता. सकाळच्या १९० वर बोट ठेवून तिनंच विचारलं, "रात्री ३ चा गजर लावू का?"