पैज असावी चहापुरती

खेळ म्हटला की पैज आलीच. कॅरम असो, मेंढीकोट असो की मोकळ्या मैदानावरची टेनिस बॉलची मॅच. ‘हरेल तो चहा पाजेल’ एवढे ठरले की डावाला रंग चढतो. अकोल्यात आमच्या लहानपणी मॅच लागायची ती बॉलवर. दोन्हीकडून वर्गणी निघे आणि नवा बॉल जिंकणाऱ्यांचा होई.

गोल्फ हा तसा साहेबी खेळ. पण मित्रामित्रांत पैज कशी लावावी, हे त्या मंडळींकडून शिकावे. न्यूयॉर्कजवळच्या एका क्लबच्या नावावरून ‘नसाऊ’ नावाची पैज रूढ झाली. खेळ अठरा खड्ड्यांचा, पैजा तीन. पहिल्या नऊ खड्ड्यांची एक, पुढच्या नवांची दुसरी आणि एकूण खेळाची तिसरी. सुरुवात बिघडली तरी उत्तरार्ध हातात उरतो. ‘स्किन्स’मध्ये प्रत्येक खड्ड्यावर स्वतंत्र डाव, बरोबरी झाली तर रक्कम पुढच्या खड्ड्यावर चढते. म्हणजे कच्च्या गड्यालाही शेवटपर्यंत आशा!

आपल्याकडे हे सहज जमेल. कॅरमचे आठ बोर्ड खेळा. पहिल्या चारांवर चहा, पुढच्या चारांवर आलूबोंडा आणि एकूण निकालावर अमरावतीचा गिला वडा. हरणाऱ्याचे दिवाळे निघत नाही आणि घरातली लहान मुलेही खेळात रमतात.

मात्र पैजेची मर्यादा सुटली की काय होते, हेही वऱ्हाडाला ठाऊक आहे. अमरावतीजवळचे भातकुली म्हणजे पुराणातले भोजकट, असे मानतात. भागवतातील कथेप्रमाणे तेथे अनिरुद्धाच्या लग्नात बलराम आणि रुक्मिणीचा भाऊ रुक्मी फासे खेळायला बसले. लग्नघरातला विरंगुळाच तो! पण पण शंभरावरून हजारांवर, मग लाखांवर गेला. हरणाऱ्या बलरामाला कलिंगाचा राजा दात काढून हसला. पुढे बलराम जिंकला, तर रुक्मीने ते कबूलच केले नाही. शेवटी लग्नमंडपातच रुक्मीचा जीव गेला. वाढता पण, हरणाऱ्याची टिंगल आणि निकालावरचा वाद, या तिन्हींनी सोयऱ्यांचे वैरी केले.

आपल्या कापसाचे तरी काय झाले? न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांच्या आकड्यांवर मुंबईत सट्टा लागे. 1960च्या दशकात त्यातूनच मटका निघाला. तिथे ना खेळ, ना समोर मित्र. उरला फक्त आकडा. पुढे तो आकडा मोबाईलमध्ये शिरला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा 2025 साली संसदेला करावा लागला.

म्हणून आमच्या मंडळींत तीन नियम आहेत. पण आधी ठरवायचा आणि मध्येच वाढवायचा नाही. गुण लिहायला तिसरा माणूस बसवायचा. आणि हरलेल्याने जे पाजायचे, ते सर्वांनी त्याच संध्याकाळी एकत्र बसून संपवायचे.

1872च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल ठरतो. जिंकलेला चहा कोर्टात मागता येत नाही. तो मित्राच्या शब्दावरच मिळतो. तेव्हा पैज लावायचीच, तर ज्याच्या शब्दावर आपला भरवसा आहे त्याच्याशीच लावावी.