यादी कुणाच्या डोक्यात?

यादी करणे आपल्याला काही नवे नाही. वाण्याच्या चिठ्ठीपासून लग्नाच्या याद्यांपर्यंत आपला संसार यादीवरच चालत आला आहे. मग मोबाइलमधल्या यादीने अधिक ते काय साधले? मायक्रोसॉफ्टचे ‘टू डू’ हे फुकट मिळणारे साधे अ‍ॅप मी वर्षभर वापरले. त्याचा हा जमाखर्च.

आमची आई बीड जिल्ह्यात लिंबागणेशला एकटी राहते. मी बीडला महाविद्यालयात शिकवते. दोघे भाऊ पुण्यात. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, विजेचे बिल, विहिरीवरची मोटार, पीकविमा हे सारे इतकी वर्षे माझ्या डोक्यात. भाऊ प्रेमळ, ‘काही लागलं तर सांग, ताई,’ असे दर फोनला म्हणणारे. पण सांगणे हेदेखील एक कामच असते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही!

आम्ही तिघांनी मिळून एकच यादी केली. प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख; गोळ्या आणण्याची आठवण दरमहा आपोआप. काम झाले की खूण करायची, ती तिघांनाही दिसते. सगळे मराठीत लिहिता येते. गावी रेंज गेली तरी लिहिलेले फोनमध्ये राहते आणि रेंज येताच इतरांकडे पोचते. पहिल्याच आठवड्यात २२ कामांपैकी १७ कामांपुढे माझे नाव दिसले. धाकट्याने काही न बोलता त्यांतली सहा आपल्याकडे घेतली. विजेचे बिल पुण्यात बसूनही भरता येतेच की!

उणेही आहे. आई अ‍ॅप वापरत नाही. तिला भिंतीवरची दिनदर्शिकाच खरी. ‘मोटार दुरुस्त’ अशी खूण पुण्याहून करता येते, पण पाणी आले की नाही, हे तिलाच विचारावे लागते. शिवाय असल्या सोयींचे आयुष्य आपल्या हाती नसते. बर्लिनच्या एका कंपनीने २०१० मध्ये काढलेले ‘वंडरलिस्ट’ असेच लोकप्रिय होते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि ६ मे २०२० रोजी ते अ‍ॅप बंद झाले. म्हणून औषधांची नावे घरच्या वहीतही असावीत.

अ‍ॅप काम करीत नाही. ते कुणाकडे आहे, एवढेच दाखवते. पण पुष्कळ घरांत तेवढेच दिसत नसते. वाचकहो, यंदा भाऊबीजेला साडीबरोबर बहिणीच्या यादीतली दोन कामेही मागून घ्या.