जुन्या ट्रॅक्टरमधील टकटक व खडखड : कारणाचा शोध कसा घ्यावा

भारतात ट्रॅक्टर बनविण्यास १९५९ साली फरिदाबाद येथे आरंभ झाला. त्यानंतरच्या दशकात मुंबईत व १९७१ पासून पिंजोर येथेही ट्रॅक्टर तयार होऊ लागले. पिंजोरचा कारखाना पुढे बंद झाला. परंतु तेथून बाहेर पडलेले ट्रॅक्टर अजूनही कित्येक शेतांवर राबत आहेत. वीस-तीस वर्षे वापरलेले यंत्र नव्यासारखे मुकाट चालावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. त्याचे सांधे झिजतात, नट ढिले होतात, पत्रा थरथरतो आणि टकटक, खडखड, ठकठक असे नाना प्रकारचे आवाज येऊ लागतात.

अशा वेळी शेतकरी बहुधा दोहोंपैकी एक चूक करतो. ‘जुने यंत्र आहे, आवाज करणारच’ असे म्हणून तो पेरणी उरकेपर्यंत ट्रॅक्टर तसाच चालवितो. किंवा कोणी सांगितले म्हणून घाईने संपूर्ण एंजिन उघडवून घेतो. पहिल्या प्रकारात, वेळीच थोडक्या खर्चात बदलता आले असते असे बेअरिंग क्रँकशाफ्टलाही खराब करते आणि ऐन वाफशावर ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी पडून राहतो. दुसऱ्या प्रकारात, सायलेन्सरचा एक ढिला बोल्ट आवळून जे काम भागले असते त्यासाठी एंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी तो आवाज कोणत्या भागाच्या गतीशी बांधलेला आहे, हे ठरविणे अगत्याचे असते.

आवाजाची लय

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, ब्रेक लावून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि एंजिन चालवून पाहावे. ट्रॅक्टर उभा असताना आवाज येत असेल व फेरे वाढविताच तोही जलद होत असेल, तर कारण एंजिनात किंवा एंजिनाबरोबर फिरणाऱ्या पंखा, पट्टा, डायनॅमो, पाण्याचा पंप अशा भागांत आहे. उभे यंत्र शांत असून चालू लागताच आवाज येत असेल, तर चाके, ॲक्सल अथवा मागे जोडलेले अवजार तपासावे. क्लचच्या पेडलाने आवाज बदलत असेल तर तो आणखी निराळा प्रकार होय. पेडल दाबताच घरघर सुरू झाली तर क्लचचे रिलीज बेअरिंग, आणि पेडल दाबताच ती थांबली तर गिअरपेटीच्या पुढील दांड्याचे बेअरिंग झिजल्याचा संशय घ्यावा.

एंजिनातील आवाजासंबंधी एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चार धावांच्या एंजिनात झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. एंजिन मिनिटाला ६०० फेरे करीत असेल तर एक झडप मिनिटाला ३०० वेळा, म्हणजे सेकंदाला ५ वेळा उघडते. त्यामुळे एका ढिल्या झडपेची टकटक एंजिनाच्या मानाने संथ भासते व ती कानास वेगळी ओळखता येते. तथापि प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधनाचा स्फोटही दोन फेऱ्यांत एकदाच होतो. यास्तव केवळ लयीवरून निकाल देऊ नये. आवाज हलका आहे की जड, वरून येतो की खालून, हेही पाहावे लागते.

तो केव्हा येतो याची नोंद घ्यावी. सकाळी थंड एंजिनात येणारा व पाच-दहा मिनिटांत नाहीसा होणारा आवाज सहसा तितकासा भयंकर नसतो. सैल झालेला पिस्टन थंड असताना सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो व तापून फुगल्यावर शांत होतो. ह्याच्या उलट, एंजिन तापल्यावर व नांगराचे ओझे पडल्यावर वाढणारा आवाज वाईट समजावा.

आधी तेल पाहावे

आवाज एंजिनातून येत आहे असे वाटल्यास पहिले काम तेल पाहण्याचे. एंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले तेल खाली उतरते. मग तेलाची पट्टी काढून पुसावी आणि पुन्हा घालून पाहावी. तेल खालच्या खुणेपेक्षाही खाली गेले असेल तर आवाजाचे मूळ कदाचित तेथेच सापडेल. तेल न घालता पातळी वाढलेली दिसली तर ते सुचिन्ह नव्हे. तेलात डिझेल किंवा पाणी उतरत आहे असा त्याचा अर्थ होतो. डिझेल मिसळलेले तेल पातळ होते व त्यास डिझेलचा वास येतो. पाणी मिसळलेले तेल ताकासारखे दुधाळ दिसते. दोन्ही प्रसंगी दोष काढून तेल बदलेपर्यंत एंजिन सुरू करू नये.

तेलाच्या दाबाचा काटा खाली गेला आणि एंजिनाच्या तळाकडून जड ठोका ऐकू येऊ लागला, तर त्याच क्षणी एंजिन बंद करावे. ‘एवढी पट्टी उरकू या’ हा विचार येथे फार महाग पडतो. कित्येक जुन्या ट्रॅक्टरांवर हा काटा वर्षानुवर्षे बंद पडलेला असतो. तो दुरुस्त करून घेण्यास लागणारा खर्च एंजिनाच्या दुरुस्तीच्या मानाने नगण्य आहे. ठोका दबावा म्हणून अधिक दाट तेल घालण्याची युक्ती काही ठिकाणी सुचविली जाते. तिने काही दिवस आवाज मंदावतो खरा, पण झीज चालूच राहते आणि सावध करणारी एकमेव खूण हरपते. वापरून काढलेले तेल गाळून पुन्हा ओतण्याचा प्रकार तर सर्वथा त्याज्य होय.

झडपांची टकटक

आवाजाचे ठिकाण शोधण्यासाठी लांब स्क्रू-ड्रायव्हर अथवा लाकडी दांडी पुरेशी असते. तिचे एक टोक एंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवावे व दुसरे कानाजवळील हाडास लावावे. जेथे आवाज सर्वांत स्पष्ट येईल तेथे दोष जवळ आहे असे मानावे. ही परीक्षा चालू एंजिनावर करावयाची असल्यामुळे धोतराचा सोगा, उपरणे, पदर, सैल बाही ही पंख्याच्या व पट्ट्याच्या आसपास येता कामा नयेत.

एंजिनाच्या माथ्यावरील झाकणाखालून हलकी, शिलाईयंत्रासारखी टकटक येत असल्यास झडपा व रॉकर यांमधील अंतर वाढले असण्याचा संभव अधिक. हे अंतर पुष्कळशा ट्रॅक्टरांत ०.२५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा व तो थंड एंजिनावर पाहावयाचा की गरम, हे त्या यंत्राच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. ज्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा बंद असतील त्याच्या रॉकरखाली त्या जाडीची फीलर गेजची पट्टी सरकवितात. ती किंचित अडखळत सरकली म्हणजे अंतर बरोबर आहे. लॉक-नट आवळल्यावर अंतर पुन्हा एकदा पाहणे जरूर आहे, कारण आवळताना ते बदलते. रॉकरच्या टोकास झिजून खळगा पडला असेल तर पट्टी खळग्याच्या कडांवर टेकते आणि माप बरोबर दिसूनही टकटक राहते. अशा वेळी रॉकरच बदलणे भाग पडते.

आवाज अजिबात जावा म्हणून अंतर वाजवीपेक्षा कमी करण्याचा मोह मात्र टाळावा. झडप तापून लांबते. तिला जागा उरली नाही तर ती पूर्ण मिटत नाही, तप्त वायू तिच्या कडेने निसटतो आणि झडप जळते. किंचित टकटकणारी झडप पुष्कळ दिवस चालते, जळलेली झडप चालत नाही.

टकटकीचे एक फसवे कारण येथेच सांगणे इष्ट. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले असता निसटणारा धूर हुबेहूब झडपेसारखा टकटकतो. थंड असताना हा आवाज मोठा असतो व लोखंड तापून फुगले म्हणजे कमी होतो. सांध्याजवळ काजळीचा काळा पट्टा दिसला की ओळख पटते. पुष्कळदा त्यासाठी विनाकारण झडपा छेडल्या जातात.

जड ठोका

खालून येणारा ठकठक असा आवाज कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. एंजिन मध्यम वेगात चालवून थ्रॉटल एकदम सोडला असता तो विशेष स्पष्ट होतो. तो कोणत्या सिलिंडरमध्ये आहे हे पाहण्यासाठी मिस्त्री मंद चालणाऱ्या एंजिनाच्या एकेका इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीचा नट थोडा सैल करतो, त्यामुळे त्या सिलिंडरला इंधन मिळत नाही. एखाद्या सिलिंडरचे इंधन तोडताच ठोका थांबला अथवा बराच मंदावला, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये होय. झडपांच्या टकटकीवर ह्या परीक्षेचा परिणाम होत नाही. क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगच्या खोल धडधडीवरही एकट्या सिलिंडरने फारसा फरक पडत नाही. नट सैल करूनही एंजिनाची चाल मुळीच बदलली नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नव्हता असे समजावे.

ही परीक्षा जाणत्या माणसानेच करावी. सांध्यावर जाड फडके धरावे व बोटे फवाऱ्याच्या मार्गात आणू नयेत. इंजेक्टरच्या दाबाने उडालेले डिझेल कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे. नव्या कॉमन रेल पद्धतीच्या एंजिनांत दाब फारच प्रचंड असल्यामुळे तेथे ही परीक्षा करूच नये.

बिघडलेला इंजेक्टरही असाच ठोका देतो व तोही इंधन तोडताच थांबतो. बेअरिंगवर ठपका ठेवण्यापूर्वी, संशयित इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरवर बसवून पाहणे शहाणपणाचे. इंजेक्टरबरोबर ठोकाही तिकडे गेला तर एंजिन उघडण्याची गरजच उरत नाही. धुराचा रंग काळा किंवा पांढरा झाला असेल तर हा संशय बळावतो. वरच्या गिअरमध्ये घुसमटत नांगर ओढल्यानेही धडाड-धडाड असे ठोके येतात. तेथे दोष चालविण्याच्या पद्धतीत असतो व एक गिअर उतरविला की ते थांबतात.

खडखड व चाकांचे आवाज

पत्र्याची खडखड त्रासदायक असली तरी बहुधा निरुपद्रवी असते. एंजिन बंद व थंड असताना सायलेन्सर, बॉनेटची कडी, बॅटरीची पट्टी, मडगार्ड व दिव्यांच्या पट्ट्या यांवर मुठीने अथवा लाकडी ठोकळ्याने हलके ठोकून पाहिल्यास ढिला भाग आपोआप कळतो. बॅटरीची पट्टी मात्र लगेच आवळावी, कारण हिंदकळणारी बॅटरी फुटते.

चालताना येणाऱ्या आवाजासाठी खडूची खूण उपयोगी पडते. मागील चाकाचा परीघ सुमारे ४ मीटर असेल, तर ताशी ५ किलोमीटर वेगाने ते मिनिटाला सुमारे २० फेरे करते. पुढील लहान चाक त्याच वेळात ३५ च्या आसपास फेरे घेते. चाकावर खडूची खूण करून एकाने जवळून पण सुरक्षित अंतरावरून चालत फेरे व आवाज मोजले, तर आवाज कोणत्या चाकाचा आहे हे उमगते. कधी टायरच्या खाचेत रुतलेला खडा सापडतो. कधी चाकाचे नट ढिले झालेले असतात व भोकांभोवती गंजाचे ओघळ दिसतात. ट्रॉलीच्या चाकात असे ओघळ आढळले तर ऊस भरलेली ट्रॉली रस्त्यावर नेऊ नये; आधी नट काढून भोके लांबट झाली आहेत काय ते पाहावे. उतारावर न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर सोडून आवाज ऐकण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

मिस्त्रीकडे जाताना ‘फार आवाज येतो’ असे मोघम सांगितल्याने त्याचाही वेळ जातो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्याकडून वहीत थोडी नोंद करून घ्यावी : थंड असताना की गरम झाल्यावर, ओझ्याखाली की मोकळे, वर की खाली, तेलाचा दाब किती, शेवटचे तेल केव्हा बदलले. दुरुस्तीनंतर काढलेले जुने भाग मागून घ्यावेत. बेअरिंगची झीज एकाच कडेला अधिक दिसली तर कनेक्टिंग रॉड वाकला असण्याचा संभव असतो. तो न तपासता तसाच बसविल्यास नवे बेअरिंगही त्याच कडेला झिजून थोड्याच दिवसांत पुन्हा ठोका सुरू होतो.